खालची प्लेट बुडते, मग वरच्या प्लेटचं काय होतं? (पावागढच्या पायऱ्यांवर पडलेला प्रश्न)

रावपुऱ्याची_उमा
मंडळी, गेल्या रविवारी भाचीला घेऊन पावागढला गेले होते. यंदा दहावीला आहे ती. उडनखटोला नको, माचीपासून पायऱ्यांनीच चढायचं असा तिचा हट्ट. अर्ध्या वाटेत दम खायला बसलो तर विचारते, "मावशी, हा डोंगरपण दोन प्लेटा आदळून वर आलाय का?" नाही, एवढं सांगता आलं. पण घरी आल्यावर तिने वहीतली आकृती पुढे ठेवली. समुद्राची प्लेट वाकून खाली चालली आहे, वर एक ज्वालामुखी आहे आणि वरची प्लेट मात्र फुटपट्टीने रेघ मारल्यासारखी सरळ. तिचं म्हणणं, "खालून एवढं मोठं धूड घासत जातंय, आणि वरचीला काहीच होत नाही?"
मला उत्तर देता आलं नाही. आपल्याकडे भूगर्भशास्त्र शिकलेले दोघेतिघे आहेत. वरची प्लेट नुसती बसून असते का? ती दबते, ताणते की वाकते? दहावीच्या मुलीला कळेल असं सांगा.

दांडियाबाजारकर
उमाताई, मी जन्मभर बांधकामाच्या साइटवर काढला. स्लॅब म्हटलं की मला छताचाच स्लॅब दिसतो. भूगर्भवाले त्या बुडणाऱ्या प्लेटलाही स्लॅबच म्हणतात, हे नातवाकडून कळलं तेव्हा फार हसलो होतो. पण प्रश्न खरा आहे. सेंटरिंगचा एक टेकू खचला की वरचं काँक्रीट वाकतंच. उत्तराची मीही वाट बघतो.

खडकवेडा
उमाताई, भाचीला शाबासकी द्या. ती सरळ रेघ मलाही कॉलेजात असताना खुपायची.

आधी पावागढ. तो दख्खनच्या लाव्ह्याचा डोंगर. खाली बेसाल्टचे थर आणि माथ्याकडे रायोलाइट नावाचा फिकट, सिलिका जास्त असलेला खडक. वय साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आसपास. टकरीशी त्याचा संबंध नाही.

आता वरची प्लेट. तिची दोन टोकाची रूपं आहेत. एक दक्षिण अमेरिकेत. तिथे प्रशांत महासागराच्या तळाची नाझ्का प्लेट वर्षाला सुमारे ७ सेंटिमीटरने खंडाकडे सरकते, म्हणजे आपली नखं वाढतात त्याच्या साधारण दुप्पट वेगाने. तिथली वरची प्लेट आखडली आहे. मध्य अँडीजमध्ये खंडाची रुंदी सुमारे ३०० किलोमीटरने कमी झाली आणि ते सगळं दगडी सामान वर आणि खाली दोन्हीकडे जाडावलं. भूकवच काही ठिकाणी ७० किलोमीटर जाड आहे आणि वर आल्टिप्लानोचं पठार पावणेचार हजार मीटरच्या वर आहे.

दुसरं रूप मारियाना बेटांपाशी. तिथेही खालची प्लेट बुडते, पण वरची प्लेट ताणून चिरली आहे. बेटांच्या मागे समुद्रतळ उघडतो आणि फटीतून नवा लाव्हा वर येतो. सेइया उयेदा आणि हिरू कानामोरी या भूशास्त्रज्ञांनी १९७९ साली याच दोन प्रकारांना चिली प्रकार आणि मारियाना प्रकार अशी नावं दिली.

म्हणजे खाली क्रिया एकच, बुडण्याची, आणि वर परिणाम उलटे. एकीकडे घडी, दुसरीकडे फाट.

मांजलपूर_एक्सप्रेस
हे उलटं कसं काय? ढकललं तर दबायलाच हवं ना?

खडकवेडा
ढकललं तर, हो. पण बुडणारी प्लेट मुळात ढकलत नाही. ती स्वतःच्या वजनाने खाली ओढली जाते. घसरगुंडीवरून सरळ रेषेत खाली जाणारं पोर डोळ्यांसमोर आणू नका. तलावाच्या पाण्यावर ओली चादर पसरा आणि एक काठ बुडू द्या. बुडलेला काठ नुसता पुढे सरकत नाही, तो सरळ खाली बसत जातो आणि जिथे चादर वाकते ती रेघ मागे मागे, न बुडालेल्या भागाकडे जाते. सागरी गर्ता म्हणजे ती वाकण्याची रेघ. ती समुद्राकडे मागे हटली की वरच्या प्लेटच्या पुढे रिकामी जागा राहायला हवी. ती राहत नाही, वरची प्लेट तिच्यामागे ओढली जाते. आणि ओढ सहन झाली नाही की पाठीमागे फाटते.

जपानचा समुद्र असाच झाला. जपान आशियाच्या काठाला चिकटून होतं. सुमारे २ कोटी ते दीड कोटी वर्षांपूर्वी ते सुटून बाहेर सरकलं. नैर्ऋत्य जपान घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरलं, ईशान्य जपान उलट दिशेने, वाड्याच्या दरवाजाची दोन कवाडं उघडावीत तसं. मधे जो खड्डा पडला तो आज ३ हजार मीटरहून खोल समुद्र आहे.

शंकासूर
थोडं थांबा. जुनी, थंड, जड प्लेट असेल तर ती पटकन बुडते आणि वरची ताणते, कोवळी असेल तर वरची दबते, असं पूर्वी शिकवायचे. मारियानाची प्लेट १५ कोटी वर्षांहून जुनी, चिलीसमोरची बरीच तरुण, म्हणून ते पटायचंही. पण ईशान्य जपानखाली जाणारी प्रशांत प्लेटही जुनीच आहे, तरी आज तिथली वरची प्लेट दबते आहे. वयावर सगळं टाकू नये.

खडकवेडा
शंकासूर, मान्य. मी वयाचं नाव घेतलं नाही ते त्यासाठीच. वरच्या प्लेटला स्वतःचीही चाल असते. अटलांटिक रुंदावतो आहे, त्यामुळे दक्षिण अमेरिका स्वतःच पश्चिमेला गर्तेवर चालून जाते. गर्ता तेवढ्या वेगाने मागे हटली नाही तर खंडाची घडी होणारच. कोण किती वेगाने सरकतंय याचा हिशेब आहे तो.

आणि जपानच्या बाबतीत तुम्ही म्हणता ते तर फार महत्त्वाचं. एकदा ताणलेली प्लेट नंतर दबूही शकते. समुद्र उघडताना जे भ्रंश, म्हणजे खडकातल्या तुटी, पडले, ज्यांच्यावरून जमीन खाली घसरली होती, तेच भ्रंश आता दाबाखाली उलटे सरकतात. १ जानेवारी २०२४ ला नोतो द्वीपकल्पात ७.५ चा भूकंप झाला. तिथे किनारा काही जागी ४ मीटरपर्यंत वर आला, बंदरं कोरडी पडली, होड्या चिखलात बसल्या. तो भूकंप गर्तेवर झालेला नाही, तिच्यापासून शेकडो किलोमीटर मागे, वरच्या प्लेटच्या पोटात झाला.

सेंदाईहून_परत
बराच काळ नुसता वाचक आहे, पण या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. ११ मार्च २०११ ला मी सेंदाईत होतो, नोकरीचं तिसरं वर्ष. भूकंपाबद्दल नाही लिहीत, नंतरचं एक दृश्य सांगतो.

मे महिन्यात ओळखीच्या कुटुंबाला मदत करायला इशिनोमाकीला गेलो होतो. आभाळ स्वच्छ, वारा नाही. दुपारी गल्लीतल्या गटाराच्या जाळीतून पाणी वर यायला लागलं. गढूळ नाही, नितळ, खारं पाणी. अर्ध्या तासात घोट्यापर्यंत. मी घाबरलो, तर त्या घरच्या आजी म्हणाल्या, भरती आहे, सहा वाजता उतरेल. त्यांनी भिंतीवर खडूने वेळ लिहून ठेवली होती. समुद्र वाढला नव्हता, जमीनच खाली गेली होती. जवळच्या ओशिका द्वीपकल्पावरचं जीपीएस केंद्र ५.३ मीटर समुद्राच्या दिशेला सरकलं आणि १.२ मीटर खचलं, हे मला नंतर कळलं. जपानभर अशी सुमारे १,३०० केंद्रं आहेत, म्हणून हे मिलिमीटरपर्यंत मोजता येतं.

माझा प्रश्न खडकवेडा यांना. खालची प्लेट आत गेली, मग वरची बाहेर समुद्राकडे का गेली? आणि खचली का?

खडकवेडा
तुमचा अनुभव वाचून बोलायला शब्द सुचेना. तरी उत्तर देतो, कारण भाचीच्या प्रश्नाचा गाभा इथेच आहे.

आत्तापर्यंत बोललो ते कोटी वर्षांचं. आता शे-दोनशे वर्षांचं. दोन प्लेटांमधला पृष्ठभाग बहुतेक काळ अडकलेला असतो. खालची जाताना वरचीचं नाक सोबत खाली ओढते. वरची आकसते आणि नाकाच्या मागचा भाग फुगतो. पोळपाटावर पोळीची कड बोटाने दाबून आत सरकवलीत तर मागे फुगवटा येतो ना, तसं. मग एक दिवस अडकण सुटते. दाबलेलं नाक वर आणि बाहेर उसळतं, डोक्यावरचं पाणी उचलतं, तीच त्सुनामी. वरची प्लेट ताणून पुन्हा लांब होते, आणि लांब झालेली वस्तू पातळ होते, म्हणून मागचा भाग खाली बसतो. इशिनोमाकी त्या मागच्या भागात आहे.

तोहोकूला, म्हणजे सेंदाई-इशिनोमाकीच्या त्या ईशान्य जपानला, एक कोडंही आहे. तिथला किनारा भूकंपाआधीची कित्येक दशकं हळूहळू खचतच होता. भूकंपात तो वर येईल अशी अपेक्षा होती, तो आणखी खचला. पण २०११ नंतर तोच किनारा पुन्हा हळूहळू वर येऊ लागला. खोलवरचा गरम, मऊ भाग वर्षानुवर्षं सरकत राहतो त्यामुळे.

सेंदाईहून_परत
हे वर येणं मी ऐकलं आहे. जमीन खचली म्हणून काही बंदरांचे धक्के उंच केले, आणि काही वर्षांनी जमीन वर आल्यावर ते कोळ्यांना होडीतून माल काढायला उंच पडायला लागले. त्या आजींची भरतीची वेळ आता भिंतीवर नसेल.

निळं_पाणी
माझं माहेर बडोद्याचं, पण बाबांच्या नोकरीमुळे शाळा पोर्ट ब्लेअरला झाली. (आता श्री विजयपुरम. माझ्या तोंडी जुनंच नाव येतं.) २६ डिसेंबर २००४ नंतर सिप्पीघाटची भातशेती भरतीला पाण्याखाली जाऊ लागली. बांधावरची नारळाची झाडं उभ्या उभ्या वाळली. आम्ही शाळेच्या बसमधून रोज ते बघायचो. आई म्हणायची, लाट गेली पण पाणी का जात नाही? आज उत्तर मिळालं.

उत्तर अंदमानात बरोबर उलटं झालं होतं. तिथे प्रवाळ पाण्याबाहेर आले. बाबांबरोबर गेले तेव्हा पांढरेफटक पडलेले प्रवाळ पायाखाली करकर वाजत होते आणि वास सुटला होता. दक्षिणेला इंदिरा पॉइंटच्या दीपगृहाचा पायथा पाण्यात गेला. एकाच बेटमालिकेत एक टोक वर, एक खाली.

खडकवेडा
निळं_पाणी, ते टोकांचं वर-खाली दिसतं, पण खरी रेघ उत्तर-दक्षिण जाते. गर्तेजवळचा पश्चिमेकडचा पट्टा उचलला गेला आणि त्यामागचा पूर्वेकडचा खचला. मधे एक रेघ जिथे काहीच नाही, झोपाळ्याच्या कडीसारखी. कुठलं बेट रेघेच्या कुठल्या बाजूला पडलं त्यावर सगळं.

प्रवाळ तर उत्तम नोंदवही असतात. ओहोटीच्या पातळीच्या वर ते वाढू शकत नाहीत. जमीन खचली तर वर वाढतात, उचलली तर माथा मरतो आणि कडेने वाढतात. केरी सी नावाचे भूशास्त्रज्ञ आणि सहकाऱ्यांनी सुमात्राजवळच्या बेटांवर प्रवाळ कापून, झाडाची वलयं मोजावीत तशी वलयं मोजून, जमिनीचा शेकडो वर्षांचा चढउतार काढला आहे.

भटकभवानी
अलास्काबद्दल वाचलं होतं. २७ मार्च १९६४ चा ९.२ चा भूकंप. भूशास्त्रज्ञ जॉर्ज प्लाफकर किनाऱ्याने फिरत खडकांना चिकटलेल्या बार्नाकल नावाच्या, शिंपल्यासारख्या कवचाच्या जीवांच्या रेघा मोजत गेले. मेलेल्या बार्नाकलांची रेघ पाण्याच्या किती वर आहे त्यावरून जमीन किती उचलली ते कळलं. मॉण्टेग्यू बेटावर १० मीटरहून जास्त! तेव्हा प्लेटांचा सिद्धांत अजून सगळ्यांनी स्वीकारलेलाही नव्हता, आणि हा माणूस बार्नाकल मोजून सांगत होता की अलास्काच्या खाली काहीतरी सरकलं आहे.

शंकासूर
त्याच्याही आधी डार्विन. २० फेब्रुवारी १८३५ ला चिलीत भूकंप झाला तेव्हा तो वाल्दिव्हियाला होता. त्याच्या जहाजाचा कप्तान फिट्झरॉय याने सांता मारिया बेटावर खडकाला चिकटून सडणारे कालवं-शिंपले भरतीच्या रेघेच्या सुमारे ३ मीटर वर पाहिले. मग ते बेट पुढची पावणेदोनशे वर्षं हळूहळू पुन्हा खचत गेलं. २७ फेब्रुवारी २०१० च्या ८.८ च्या भूकंपात पुन्हा दीड मीटरहून जास्त वर आलं.

आता माझी खरी शंका. बेट वर जातं, खाली येतं, पुन्हा वर जातं. स्प्रिंगसारखं. मग अँडीज कुठून आला? स्प्रिंग सोडली की मूळ जागी जाते, डोंगर होत नाही.

रावपुऱ्याची_उमा
मीही हेच विचारणार होते. खडकवेडा, आम्ही थांबलो आहोत.

खडकवेडा
हा प्रश्न आला याचा मला मनापासून आनंद झाला, कारण इथे अजून जोरात काम चालू आहे.

बरीचशी वाकण परत मिळते, सगळी नाही. सांता मारियाच्या बाबतीत वर गेलेलं सगळं पुन्हा खाली आलं नाही, थोडं शिल्लक राहिलं. दर भूकंपाला थोडं थोडं. चार आणे उरले तरी दहा लाख वर्षांत त्याचं काय होईल बघा. चिलीच्या किनाऱ्यावर जुने समुद्रकाठ पायऱ्यांसारखे एकावर एक दिसतात, ते त्याच शिलकीचे.

पण अँडीजचा मोठा भाग किनाऱ्यावर नाही, आत, शेकडो किलोमीटर आत आहे. तिथे दाब पोहोचतो आणि जिथे भूकवच कमकुवत तिथे मोडतं. ज्वालामुखींच्या पट्ट्यात खडक गरम आणि मऊ असतो, तो ओल्या कणकेसारखा दबतो. थंड, जुना खंडाचा गाभा खाकऱ्यासारखा. त्याच्यावर जोर आला तर तो तसाच राहतो किंवा काडकन एका रेघेत तुटतो. वरच्या प्लेटचं काय होणार हे निम्मं खालच्या प्लेटवर, निम्मं वरची खाकरा आहे की कणीक यावर.

मांजलपूर_एक्सप्रेस
खाकरा की कणीक! बडोद्यात हे लगेच कळतं सगळ्यांना.

दांडियाबाजारकर
मला एक विचारायचं आहे. २६ जानेवारी २००१ ला सकाळी पावणेनऊला आमची तीन मजली इमारत हलली. मी जिन्यात होतो. कठड्याला धरलं तर कठडाच हातात वळवळत होता. दुसऱ्या दिवशीपासून दोन महिने लोकांच्या घरांच्या भेगा बघत फिरलो. तोही असाच प्लेट बुडण्याचा होता का?

खडकवेडा
नाही काका. भूजचा ७.७ चा भूकंप प्लेटच्या आतला. कच्छात डायनोसॉरच्या काळात जमीन ताणून जे भ्रंश पडले होते तेच आता दाबाने उलटे सरकतात. नोतोबद्दल वर लिहिलं तोच प्रकार, फक्त तिथे गर्ता शेजारी आहे आणि इथे नाही.

गुजरातला सगळ्यात जवळची अशी गर्तेची जागा म्हणजे मकरान. अरबी प्लेट तिथे इराण आणि पाकिस्तानच्या खाली जाते. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे ८.१ चा भूकंप झाला, ओरमाराचा किनारा सुमारे २ मीटर वर आला आणि त्सुनामी कच्छ आणि मुंबईपर्यंत पोहोचली.

भटकभवानी
मग हिमालय? भारत तिबेटच्या खाली जातोच ना?

खडकवेडा
जातो, पण खंड हलका, बुडायला नाखूष. टकरीच्या आधी मधे टेथिस समुद्र होता आणि त्याचा तळ आशियाखाली बुडत होता. तेव्हा आशियाचा दक्षिण काठ आजच्या अँडीजसारखा होता. लेहच्या आसपास सिंधूच्या उत्तरेला जो ग्रॅनाइट दिसतो तो त्या ज्वालामुखींच्या खालचा थिजलेला रस. गेला असाल तर त्यावर बसलाही असाल.

भटकभवानी
शांती स्तूपाच्या वाटेवर बसले होते. फोटो आहे. आता त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघेन.

शंकासूर
सपाट बुडण्याचं राहिलं. काही ठिकाणी स्लॅब थोडा खाली जाऊन आडवाच सरकतो. मध्य चिलीच्या पूर्वेला, अर्जेंटिनात, तसं आहे. तिथे ज्वालामुखी विझले आणि गर्तेपासून सहा-सातशे किलोमीटरवर डोंगर उठले. अमेरिकेतले रॉकी पर्वतही ८ ते ४ कोटी वर्षांपूर्वी असेच, फॅरालॉन नावाची तेव्हाची समुद्री प्लेट आडवी सरकल्यामुळे झाले असं बहुतेक मानतात. किनाऱ्यापासून हजार किलोमीटर आत!

दांडियाबाजारकर
उमाताई, मुलीला आकृती काढून समजणार नाही. करून दाखवा. माझ्याकडे शोकेसच्या दोन जुन्या काचा आहेत. उभ्या करून लाकडी पट्ट्यांत बसवतो, एका टोकाला फळी आणि फळीखाली कागद जाईल एवढी फट ठेवतो.

खडकवेडा
काका, अगदी असंच प्रयोगशाळेत करतात, कोरडी वाळू घेऊन. रांगोळी चालेल. तळाला घोटीव कागद, वर पांढऱ्या आणि रंगीत रांगोळीचे पातळ थर. कागद फटीतून सावकाश ओढायचा. अगदी सावकाश.

रावपुऱ्याची_उमा
केलं! काल संध्याकाळी काकांच्या ओट्यावर. सांगते.

पहिले दोन बोटं कागद ओढला तोवर काहीच नाही. मग फळीपाशी रांगोळीला बारीक उंचवटा आला, आणि काचेतून दिसलं की निळी रेघ मधेच तुटून एक तुकडा दुसऱ्यावर चढला आहे. आणखी ओढलं तर दुसरी तूट त्याच्या पुढे, मग तिसरी आणखी पुढे. ढीग वाढत होता, पण उताराचा कोन तसाच राहत होता. भाचीने वहीचा कोपरा काचेला लावून तीनदा ताडून बघितलं. मग काकांनी फळी मागे सरकवली. ढिगाची पाठ बसली आणि फळीपाशी खळगा पडला, दोन्ही बाजूंनी पायऱ्या पायऱ्या. भाची ओरडली, "जपानचा समुद्र!"

शंकासूर
झकास. फक्त तिला एवढं सांगा की ढीग म्हणजे पूर्ण वरची प्लेट नव्हे. खालच्या प्लेटवरचा गाळ खरवडून वरचीच्या नाकाला चिकटला आहे. वरची प्लेट म्हणजे खरं तर ती फळी, आणि फळी काही वाकली नाही.

खडकवेडा
बरोबर. पण असे ढीग खरोखर आहेत. मकरानचा तर जगातल्या मोठ्यांपैकी. आणि अंदमान बेटं म्हणजेही बरीचशी हीच खरवड, पाण्याच्या वर डोकावणारी. तिच्या पूर्वेला बॅरन बेटाचा ज्वालामुखी, आणि आणखी पूर्वेला अंदमानचा समुद्र ताणून उघडतो आहे. भाचीची अख्खी आकृती आपल्याच देशात आहे.

निळं_पाणी
म्हणजे माझी शाळा त्या निळ्या-पांढऱ्या ढिगावर होती! उमाताई, फोटो टाका ना, काचेच्या बाजूने.

रावपुऱ्याची_उमा
फोटोत काचेवर संध्याकाळचं ऊनच आलंय. उद्या सकाळी पुन्हा करणार आहोत. भाची म्हणते फळीच्या जागी कणकेचा गोळा ठेवायचा, म्हणजे वरचीपण वाकेल. चालेल का?

खडकवेडा
चालेल. तेल थोडं जास्त घाला, कणीक सैल हवी. आणि झाल्यावर पिचकारीने हलकं पाणी मारून सुरीने उभा काप घ्या, आतल्या सगळ्या तुटी दिसतील.

दांडियाबाजारकर
सकाळी सातला या. काचा पुसून ठेवतो. पिचकारी नातवाची आहे घरात.